तळमजल्याचे नाना

लासलगावात कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं तर मालकाची झोप उडते. माणसांच्या बिल्डिंगीत शिरलं तर फक्त वरच्या मजल्याची उडते. तळमजल्यावर नाना शांत घोरत असतात.

नाना प्रत्येक बिल्डिंगीत असतात. आमचे नाना उभी हयात आडतीवर हिशोबपट्ट्या लिहिण्यात घालवलेले. सोसायटीच्या मीटिंगला सर्वांत आधी येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि चहा झाला की विचारतात, "पण गळतंय कुणाचं?"

"गच्ची गळतेय, नाना."

"गच्ची ज्याच्या डोक्यावर, त्याची. माझ्या डोक्यावर तुम्ही आहात."

हेच नाना चैत्र लागला की पहाटे उठून निम्मी गच्ची अडवतात. कुरडया, पापड, मसाल्याच्या मिरच्या. तेवढे दोन महिने गच्ची सार्वजनिक असते.

मी सेक्रेटरी, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. आदर्श उपविधींचं पुस्तक काढून मी वाचून दाखवलं, की पावसाने छत गळलं तर खर्च सोसायटीचा. दुरुस्ती निधीत बांधकामखर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के जमा व्हायला हवेत. आमच्या निधीच्या कपाटात एक मोडकं कुलूप निघालं. शेतकरी स्वतःच्या मालाची तारीफ करतो तेव्हा व्यापारी ऐकतो, तसं नानांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "हे लिफ्टवाल्यांसाठी लिहिलंय."

तीन कोटेशनं मागवली. इथली बाजार समिती 1947 सालची. गावाला बोली चढवत नेण्याची सवय. आमच्या जिन्यात मात्र बोली उतरत जाते. नानांनी किमान, कमाल आणि सरासरी काढली आणि किमानाच्याही खाली बोलले. कंत्राटदार गच्ची बघायला आला तेव्हा त्यांनी कांद्याची मान दाबावी तसा कठड्याचा गिलावा अंगठ्याने दाबला. "वरून पत्ती चांगली दिसतेय, आत खाद निघेल. फोडून दाखवा." त्याने फोडून दाखवलं. त्या भगदाडाचे पैसे कोटेशनात वाढले.

"थांबा थोडं," नाना म्हणाले, "भाव पडू द्या."

थांबलो. भाव पडला नाही, पाऊस पडला. चार महिने आमच्या दिवाणखान्यात तीन बादल्या आणि एक पिंप पाहुण्यांसारखे बसून होते. त्याच मृगाच्या तोंडावर नानांनी शेतातल्या कांदाचाळीचे पत्रे एका दिवसात बदलले होते. कोटेशन नाही, मीटिंग नाही. चाळ जमिनीपासून उचललेली, खालून वारा, बाजूंनी वारा. आमच्यापेक्षा कांदे सुखात. तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "चाळीला सरकारी अनुदान असतं. बिल्डिंगीला आणा, मी पहिला पैसे भरतो."

त्यातून 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाई कुणी सोसायची या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. नानांना तर दाखलाच मिळाला. "एवढे लिलाव थांबतात, तुमच्या गच्चीला कसली घाई?"

माणूस कंजूष म्हणावा तर तेही नाही. आईला रात्री दोनला नाशिकला न्यायची वेळ आली तेव्हा नानांनीच गाडी काढली. डिझेलचे पैसे पुढे केले तर रागावले. गणपतीला अकराशेची पावती फाडतात, ती माईकवरून दोनदा वाचली गेली पाहिजे एवढंच. वॉटरप्रूफिंगला माईक नाही, ही खरी अडचण.

पुढच्या उन्हाळ्यात मी व्याजाने पैसे काढून काम सुरू केलं. नाना रोज सकाळी खुर्ची टाकून गच्चीवर बसत, गवंड्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण सांगत. काम संपलं त्या संध्याकाळी ते स्वतःहून माझ्या दारात आले. हातात पाकीट, पाकिटावर टाचलेली, वळणदार अक्षरातली पट्टी:

वाटणी 9,000. वजा: मजुरांचा चहा 340. आमच्या नळाचं पाणी 500. देखरेख 800. घट (गच्ची तीन आठवडे बंद, कुरडया वाळल्या नाहीत) 620. निव्वळ देणे 6,740. चूकभूल देणे-घेणे.

मी दोनदा बेरीज केली. बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे सर आले. मला वाटलं, पैसे द्यायला आले. ते म्हणाले, "नानांची ती पट्टी जरा द्या, झेरॉक्स काढून लगेच परत देतो."