पुडी

पुडी मिळाली का, हे आईने मला धामणकर नाक्याच्या शेअर रिक्षात विचारलं. आई लातूरला होती. रिक्षात मी होतो आणि माझा फोन, ज्यावर स्पीकर लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

"पुडी मिळाली का रे?"

"मिळाली."

"घरातच लाव. बाहेर लावलीस तर लोकं ओरबाडून नेतील. आणि जपून वापर, पुढच्या वर्षीपर्यंत दुसरी मिळायची नाही."

डावीकडचे गृहस्थ माझ्यापासून चार बोटं सरकले. उजवीकडचा पोरगा चार बोटं जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अंकल, काय भाव?"

पुडीत अंबाडीच्या बिया होत्या. करड्या, तिकोनी, मूठभर. आमच्याकडे ज्वारीत किंवा तुरीत अंबाडीच्या दोन-चार ओळी सोडायची पद्धत. कोवळ्या पाल्याची भाजी, आणि ताट वाढले की भिजवून वाख काढायचा, त्याचे कासरे वळायचे. मी भिवंडीत तीस वर्षं लूमच्या कारखान्यात मेहताजी. ताके मोजण्यात आयुष्य गेलं, पण ज्या धाग्याला आमच्या घरात मान होता तो या गावात कुठल्या मागावर चढलेला पाहिला नाही. वाड्याच्या रस्त्यावर अंबाडी नाका आहे, तेवढंच काय ते सांत्वन.

अडचण उन्हाची होती. आमच्या खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागतो. ऊन दुपारी बाराला येतं, भिंतीला विचारून परत जातं. भाच्याने उपाय सांगितला: झाडांसाठी लाईट मिळतो, लाल आणि निळा मिळून. पानं हेच दोन रंग जास्त खातात म्हणे. हिरवा त्यांना फारसा रुचत नाही, तो परत फेकतात, म्हणून आपल्याला ती हिरवी दिसतात. मी लाईट मागवला. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, 'आपले पार्सल भिवंडी येथे पोहोचले आहे.' पुढचे चार दिवस तोच निरोप. पुण्याच्या मेव्हण्याचा मिक्सर असो की नागपूरच्या भाचीची पुस्तकं, प्रत्येकाचं पार्सल आमच्या मानकोली-दापोड्याच्या गोदामांत मुक्काम करतं, हे मला ठाऊक होतं. पण भिवंडीच्या माणसाने भिवंडीत बसून भिवंडीत पोहोचलेल्या पार्सलची वाट पाहायची, यात काहीतरी परमार्थ असावा.

पहिला महिना सुखाचा गेला. अंबाडीची खालची पानं साधी, बदामी आकाराची असतात. पाहणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. शेजारच्या कारखान्याचे माग सुरू झाले की कुंडीच्या ताटलीतलं पाणी थरथरायचं आणि रोपं माना डोलवायची. मग वरची पानं आली. फाटलेली, लांब बोटांची, कडेला दाते असलेली. रात्रभर खिडकी जांभळी.

सोसायटीचे सेक्रेटरी एका संध्याकाळी आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं.

"मेहताजी, रागवू नका. पण हल्ली फ्लॅटमध्ये लाईट लावून लोक काय काय पिकवतात, बातम्यांत येतं."

त्यांच्या कॉलेजातल्या चिरंजीवांनी जिन्यातून पान पाहिलं होतं आणि तत्काळ ओळखलं होतं. कसं, तर त्याच्या टी-शर्टवर तेच छापलेलं आहे. (टी-शर्टचं कापड होजिअरीचं, तिरुपूरकडचं. भिवंडीचा त्यात हात नाही, एवढं नोंदवून ठेवतो.)

मी म्हणालो, अहो ही अंबाडी. ते म्हणाले, तसंच म्हणणार ना. मी म्हणालो, वास घेऊन बघा. त्यांनी घेतला. वास काहीच नव्हता, आणि त्याने त्यांचा संशय वाढला. म्हणाले, वास मारायची पण औषधं असतात. शेवटी मी शास्त्राचा आधार घेतला. भाच्याने शोधून दिलेलं शास्त्रीय नाव मी पाठ केलं होतं, ते एका दमात म्हटलं: हिबिस्कस कॅनाबिनस.

"कॅनाबिस," सेक्रेटरी म्हणाले. "बघा, तुम्हीच बोललात."

लिनियस नावाच्या स्वीडिश गृहस्थाला अंबाडी पाहून भांगेची आठवण झाली आणि त्याने तिला 'भांगेसारखी' असं नाव देऊन टाकलं. अठराव्या शतकात केलेला टोमणा माझ्या दारात येऊन उभा राहिला.

त्या रात्री मी कायदा वाचला. १९८५चा. गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांवर आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग त्यातून सुटते. पण झाडच लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. किती झाडं, हा प्रश्नच नाही. कुंडीलाही तेच कलम आणि शेतालाही. रात्री दीडला मला स्वतःचाच संशय येऊ लागला. पंचाहत्तरीची आई, डोळ्याला मोतीबिंदू... पुडी बदलली नसेल ना? उठून उरलेल्या बिया पाहिल्या. गांजाची बी गोल असते. या तिकोनीच होत्या. तरी झोप आली नाही. 'गांजलेला' या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री नव्याने कळला.

१८९३ साली इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीला आयोग नेमला होता. त्याने देशभर हिंडून १,१९३ साक्षीदार तपासले आणि माफक सेवनाने फारसं बिघडत नाही असा अहवाल १८९४ मध्ये दिला. आमच्या सोसायटीने तीनच साक्षीदार तपासले, त्यातला एक वॉचमन, आणि निकाल विरुद्ध दिला.

खरं तर फूल आलं असतं तर सगळं मिटलं असतं. अंबाडी भेंडीच्या गोतातली. फूल फिकट पिवळं, मध्ये गर्द तांबडा ठिपका. गांजाला असं फूल येणं शक्य नाही. पण अंबाडी रात्र मोठी झाल्याखेरीज फुलत नाही, आणि गंमत म्हणजे गांजाचंही साधारण तसंच. मी तर तिला रात्रच होऊ दिली नव्हती. निर्दोष ठरायला अंधार लागतो, हे मेहताजीच्या कुठल्या वहीत असणार?

पंचनाम्याला (त्यांचाच शब्द) रविवारी पाच जण आले. मी पान हातावर ठेवून समजावत होतो: गांजाच्या पानाला तळहातच नसतो, बोटं सुटी सुटी, थेट देठावर. हिची बोटं बघा, तळहाताला जोडलेली. सगळे आळीपाळीने पान पाहून आपापल्या तळहाताकडे पाहत होते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या अक्का पाण्याच्या मोटरचं विचारायला वर आल्या. त्या पद्मशाली, यजमान सायझिंगमध्ये. गर्दीतून पुढे झाल्या, शेंड्याकडचं पान खुडलं आणि सरळ तोंडात टाकलं.

सेक्रेटरींच्या तोंडून "अहो अहो" एवढंच निघालं.

अक्कांनी डोळे बारीक केले, जीभ टाळूला लावून चट् आवाज काढला. "गोंगुरा! चांगला आंबट आहे. डाळीत टाका, पप्पू मस्त होतो." मग लाईटकडे पाहिलं. "पण याला दिवा कशाला? पद्मानगरच्या बाजारात जुडी दहा रुपयाला आहे."

लाईट मला ९९० रुपयांना पडला होता. ९९ जुड्या.