रुसलेल्या प्रिंटरची शास्त्रोक्त मनधरणी

जून महिना, सोलापुरातल्या सात रस्त्यालगतचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारे दुकान, काउंटरपुढे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खोळंबलेली पोरे आणि त्यांचे आईबाप, आणि वायफायवरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’. असा योग जुळून आला की मालकाने धीर न सोडता पुढील क्रमाने वागावे.

आधी दोषी ठरवावा. “कोण हात लावला बे?” हा प्रश्न दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारावा. त्याने जोडणी सुधारत नाही, पण सोलापुरात त्यावाचून कुठलीच दुरुस्ती सुरू होत नाही. मग कार्ट्रिज काढून पुन्हा बसवावी; वायफायचा आणि शाईचा काडीचा संबंध नसला तरी हाताला काम मिळते. प्रिंटचे बटण मात्र एकदाच दाबावे. आठदा दाबले तर आठही हुकूम काँप्युटरच्या रांगेत बसून राहतात आणि प्रिंटरला जाग येताच एकाच पोराचा दाखला आठ वेळा बाहेर पडतो. सात कागदांचे पैसे कोणी देत नाही.

एवढे झाले की खऱ्या कारणाकडे वळायला हरकत नाही. ते बहुधा लाइट जाऊन येण्यात असते. प्रिंटर आणि राउटर एकदमच सुरू होतात, पण राउटरला सावरायला वेळ लागतो. तेवढ्यात प्रिंटरने नेटवर्कवरचा पत्ता मागितला आणि उत्तर आले नाही, तर तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला बहाल करतो. हे ताडायचे तर प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्क रिपोर्ट छापावा. त्याला वायफाय लागत नाही. तसा आकडा दिसला तर प्रिंटर बंद करावा, राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत चहा मागवावा, मग चालू करावा.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे वरकरणी नीट, पण शेवटचा आकडा बदललेला, असेही घडते. भाडेकरू खोली सोडून गेला तरी पोस्टमनने जुन्याच दारावर थाप मारावी, तसा काँप्युटर मग जुन्या पत्त्यावर कागद धाडत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवावा. खरे औषध हेच, आणि पाच मिनिटांचे. म्हणूनच ते कोणी करत नाही.

पासवर्ड सिद्धेश्वराच्या नावाचा असला तरी कॅपिटल एस चुकल्यास देव मध्ये पडत नाही. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलत असेल, तर पुष्कळ साध्या प्रिंटरना पहिलीच कळते, हेही ध्यानात ठेवावे. गिऱ्हाइकांसाठी ‘गेस्ट’ वायफाय ठेवले असेल तर मालकाने त्यावर स्वतःचा मोबाइल जोडू नये. तिथून प्रिंटर सहसा दिसतच नाही.

घरच्या प्रिंटरबाबत जुळे सोलापुरात एक जास्तीचा मुद्दा निघतो. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, म्हणून पॅसेजमध्ये पिंपे भरलेली असतात. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषते. राउटर हॉलमध्ये, प्रिंटर आतल्या खोलीत आणि मध्ये काठोकाठ भरलेले प्लास्टिकचे पिंप, अशी मांडणी असेल तर तक्रार नोंदवण्याआधी पाण्याचा वार पाहावा. चौथ्या दिवशी पिंप तळाला गेले की छपाईत सुधारणा संभवते. लोखंडी बॅरलला भरले-रिकामे सारखेच. ते लहरी परत पाठवते. पिंप हलवायला घरातून विरोध होईल. राउटर हलवावा.

इतके करूनही प्रिंटर ढिम्म राहिला, तर नवी पेठेत जाऊन चौकोनी तोंडाची यूएसबी केबल आणावी, पाच मीटरहून लांब घेऊ नये. ती जोडावी, प्रिंटरचे वायफाय बंद करावे आणि कोणी विचारलेच तर स्पीड वाढवलाय म्हणून सांगावे.