अठरा प्लस

आमच्या पिंपळगाव बसवंतमध्ये कुणी नाक मुरडलं तर त्याला शिष्ट म्हणत नाहीत, व्यापारी म्हणतात. इथं नावं ठेवणं हा पोटापाण्याचा उद्योग आहे. सकाळी बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत उभ्या राहतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो. त्यातला एखादा ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळचा कांदा वर काढतो, अंगठ्यानं दाबतो, पत्ती बघतो आणि सुतकात आल्यासारखा चेहरा करून भाव पुकारतो. ज्यानं चार महिने तो कांदा जपला तो शेजारीच उभा असतो. त्यालाही हे नाटक ठाऊक असतं, कारण संध्याकाळी तो स्वतः बैलबाजारात किंवा कपड्याच्या दुकानात हाच चेहरा करणार असतो.

अशा गावात वाढलेल्या माणसाला साध्या गोष्टी साधेपणानं बघताच येत नाहीत. आमच्या घरात कांद्याचे प्रकार पोरांना बाराखडीच्या आधी येतात. उन्हाळ्यात निघतो तो उन्हाळ, चाळीत साठवायचा. लहान निघाला तो गोल्टी. दोन डोक्यांचा तो जोड. आणि जे कशातच बसत नाही ते खाद. माझे थोरले काका ही प्रतवारी माणसांनाही लावतात. शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून त्यांनी स्टेजवरच्या अख्ख्या नाचाची प्रत लावली होती: ‘‘पुढची चार सुपर, मधली गोल्टी, आणि त्या कडेच्या दोघी जोड आहेत, त्यांना वेगळं करा.’’ कडेच्या दोघी त्यांच्याच नाती होत्या.

कांद्याच्या बाबतीत माझा स्वतःचा शिष्टपणा मी लपवत नाही. हॉटेलात कुणी कांद्याच्या गोल चकत्या, वर लिंबाची फोड ठेवून आणल्या की माझी भूक अर्धी होते. कांदा बुक्कीनं फोडायचा असतो. पाटावर ठेवायचा, एक ठोसा, वरची पत्ती काढायची, मधला कोंब बाजूला करायचा आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खायचा. सुरीनं चिरलेला कांदा आणि फोडलेला कांदा यांच्या चवीत फरक नसतो असं म्हणणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी बोलतो, पण जेवायला बसत नाही.

या कांद्यावरून आमचं एक जुनं दुखणं आहे. त्याचं नाव लासलगाव. जवळचंच गाव, एकच तालुका, एकच माती, तोच कांदा. पण टीव्हीवर भाव वाढले की लासलगाव, पडले की लासलगाव, आशियातली सर्वात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून शाळेच्या पुस्तकात लासलगाव. 2016 साली कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेही लासलगावच्या नावानं. मुंबईत कुणी ‘‘पिंपळगाव म्हणजे लासलगावच्या जवळचं का?’’ असं विचारलं की आमचा माणूस शांतपणे सांगतो, ‘‘नाही, लासलगाव आमच्या जवळ आहे.’’

निफाड तालुक्याला मिरवायला थंडीही पुरते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाड असतं, आणि महाबळेश्वरपेक्षा आपण खाली गेलो हे आम्ही एकमेकांना असं सांगतो जणू पारा आम्हीच ढकलला. खरं तर त्या रात्री बागायतदाराला झोप नसते. कडाक्यात द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरतो. पण मुंबईचा पाहुणा स्वेटर घालून कुडकुडताना दिसला, की हाच माणूस बनियनवर बाहेर येतो आणि म्हणतो, ‘‘ही काय थंडी?’’

द्राक्षावर आलो की मात्र विनोद जरा जपून करावा लागतो, कारण इथं प्रकरण गंभीर आहे. युरोपात जाणारं द्राक्ष मिलिमीटरमध्ये मोजतात. मणी किमान सोळा मिलिमीटर हवा. अठराच्या वर गेला तर ‘अठरा प्लस’, त्याचा मान निराळा. भोकं पाडलेली एक पट्टी असते, तिच्यातून मणी घालून बघतात. रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघतात. घडात मण्यांची दाटी नको, म्हणून आधीच विरळणी करून निम्मे मणी कात्रीनं उडवतात. मग त्याच साइजचे, त्याच रंगाचे घड साडेचार-पाच किलोच्या पेटीत निजवतात. रंग हिरवाच हवा. थंडी-उन्हाच्या फरकानं मण्यावर गुलाबी छटा येते, तिला पिंक बेरी म्हणतात, आणि तिच्या भीतीनं लोक प्रत्येक घड वर्तमानपत्रात गुंडाळतात. डिसेंबर-जानेवारीत आमच्या बागेत फिरलं तर जुने अग्रलेख, छोट्या जाहिराती आणि दहाव्याचे फोटो वेलींना लटकलेले दिसतात. माझं निम्मं वाचन मी असंच, मान वाकडी करून केलेलं आहे. एखाद्या लेखाचा शेवट हवा असेल तर दोन ओळी पलीकडे जाऊन शोधावा लागतो.

आणि एवढं करून युरोपचं समाधान होईलच असं नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून तिकडं आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. वेलीची शेंडावाढ रोखायला आम्ही वर्षानुवर्षं वापरत आलो तेच औषध. त्या वर्षी गावात पहिल्यांदा कळलं, की आपल्यापेक्षा जास्त नाक मुरडणारी माणसं पृथ्वीवर आहेत. काकांनी त्या गोऱ्यांना भरपूर शिव्या दिल्या. त्या शिव्यांत थोडा आदरही होता असं मला वाटतं.

गंमत अशी, की हा अठरा प्लस, हिरवागार, काचेसारखा मणी आमच्या घरात कुणी खात नाही. तो दिसायला असतो. आम्ही खातो तो वेलीवर राहून गेलेला, उन्हाच्या बाजूचा, पिवळसर झालेला मणी. त्याची साल थोडी सैल पडलेली असते, पेटीत तो चालत नाही, व्यापारी त्याच्याकडे बघतही नाही. आणि गोडी मात्र सगळी त्यात. पुण्याचे पाहुणे बागेत आले, की ते हिरव्या घडाशी फोटो काढतात आणि मी त्यांच्या मागं उभा राहून पिवळा मणी खातो. त्यांना देतही नाही. विचारलं तर ‘‘ते खराब झालेत’’ असं सांगतो. ते घडाला मण्यांनी धरतात, देठाला नाही. मण्यावरची पांढरी लव औषध समजून शर्टाला पुसतात. इतकं बघितल्यावर माणसानं काय म्हणून चांगलं वागायचं?

सर्वात तिखट शिष्टपणा मी वायनरीत बघितला, आणि तो वाइन पिणाऱ्यांचा नव्हता. 2000 साली सुलाची पहिली बाटली बाजारात आल्यापासून नाशिकला वाइनसाठी माणसं येतात, ग्लास फिरवतात, नाक आत घालतात आणि चेरी, चॉकलेट, ओलं लाकूड असले वास ओळखतात. पुतण्या हौसेनं काकांना तसल्या एका ठिकाणी घेऊन गेला. मीही होतो. शिकवणाऱ्या मुलानं काकांना विचारलं, ‘‘आजोबा, कसला वास येतोय?’’ काका म्हणाले, ‘‘घाईत खुडल्याचा.’’ मग ते ग्लास तसाच ठेवून मागच्या बागेत गेले. तिथं शिराझची वेल होती. घड मुठीएवढा, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बी. काका बराच वेळ बघत राहिले. ‘‘थिनिंग नाही, फुगवण नाही. ही बाग माझी असती तर मी रात्रीतून तोडली असती, सकाळी लोकांनी बघायला नको.’’ मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला, की वाइनला असाच मणी लागतो, तोडणीच्या वेळी याची साखर चोवीस ब्रिक्सपर्यंत जाते. आमचं खायचं द्राक्ष अठराला पोचलं तरी आम्ही पेढे वाटतो. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘साखर काय, उसातही असते.’’

या सगळ्या तोऱ्याला घरात एकच उतारा आहे. माझी बायको तासगावची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी पत्रिकेपेक्षा पाहुण्यांचा बेदाणा जास्त बारकाईनं बघितला होता. सांगलीकडे द्राक्ष वाळवून बेदाणा करतात, आणि आमच्याकडे समजूत अशी, की जे विकलं जात नाही ते वाळवायचं. हे मी नव्या नवरीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘तुमच्या बागेत काय लावलंय?’’ मी अभिमानानं म्हणालो, ‘‘तास-ए-गणेश.’’ ‘‘त्यातला तास कुठला?’’ हा वाण तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या वेलींतून निवडला. सोनाका म्हणावा तर तो सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांचा. आणि मूळ थॉमसनचं नाव कॅलिफोर्नियातल्या माणसाचं. ‘‘मग तुमचं काय?’’ असं ती अजूनही सणासुदीला विचारते. आमचं पाणी, आमची हवा आणि आमचा तोरा.

मिसळीबद्दल फार बोलत नाही. नाशिक जिल्ह्यात त्यावरून भावकी तुटते. एवढंच सांगतो, की रस्सा काळ्या मसाल्याचा हवा, सोबत पापड आणि दही हवं, आणि मिसळीत पोहे घालणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, पण त्यांच्या गावी मुक्काम करत नाही.

टोमॅटोचं गणित उलटं आहे. हंगामात आमच्या मार्केटला टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर लागतात, वीस किलोची एक क्रेट, आणि तो टोमॅटो ट्रकमधून शेकडो किलोमीटर जाऊनही न फुटणारा, जाड सालीचा. तो आम्ही पिकवतो. स्वयंपाकात काकूला परसातला गावठीच लागतो, आंबट, पातळ सालीचा, हातात घेताच फुटणारा. क्रेटमधल्या टोमॅटोला ती ‘चेंडू’ म्हणते. 2023 च्या जुलैत देशभर टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा मात्र ती तोच चेंडू फडक्यानं पुसून कपाटात ठेवायची. मुंबईच्या मावशीनं फोनवर ‘‘येताना साडी नको, दोन किलो टोमॅटो आण’’ म्हटलं, त्यावर काकूनं विचारलं, ‘‘गावठी की चेंडू?’’ मावशी म्हणाली, ‘‘बाई, काहीही.’’ काकूला हे उत्तर फार लागलं. काहीही चालणारी माणसं आपल्या घराण्यात आहेत हे तिला माहीत नव्हतं.

यंदा माल संपला, बाग खाली झाली आणि पुतण्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. आमची समजूत होती की मुली आम्ही बघणार. तसं ते राहिलेलं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण प्रत्येकाला वाटतं आपल्या घरी वेगळं होईल. नाशिकहून पाहुणे आले. मुलगी बँकेत नोकरीला. तिच्या आईनं ओसरी बघितली, गाडी बघितली, पोराचे हात बघितले. वडिलांनी विचारलं, ‘‘नोकरी कुठं?’’ काका म्हणाले, ‘‘बाग आहे बारा एकर. सगळा माल एक्सपोर्ट.’’ ‘‘हो, ते कळलं. पण नोकरी?’’ मुलीनं मात्र पोराशी नीट बोलणं केलं, पाण्याचं विचारलं, कर्जाचं विचारलं, आणि बशीतला घड देठाला धरून उचलला. काकांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘सध्या थांबतो आहोत.’

काकांनी लगेच धोरण जाहीर केलं. ‘‘घाई करायची नाही. भाव पडलाय म्हणून माल लोकलला टाकायचा नसतो. थांबायचं.’’

काकू आतून म्हणाली, ‘‘थांबून थांबून मणी पिवळा पडलाय.’’

‘‘अगं, पिवळाच गोड असतो.’’

‘‘आपल्याला. एक्सपोर्टला चालत नाही.’’