किरणोत्सर्गावर तीन किलो मीठ

मार्च 2011 मध्ये जपानात फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांत स्फोट झाले आणि समुद्रापलीकडे चीनमध्ये दुकानांतलं मीठ दिसेनासं झालं. मिठात आयोडीन असतं, आयोडीन किरणोत्सर्गापासून वाचवतं, तेव्हा उचला पिशव्या! यात अर्धं सत्य आहे, आणि अफवेला तेवढं भांडवल पुष्कळ होतं. आयोडीनची गोळी वेळेवर घेतली तर थायरॉइड ग्रंथी आधीच भरते आणि किरणोत्सारी आयोडीनला तिथे थारा मिळत नाही. पण प्रौढांच्या गोळीत साधारण 100 मिलिग्रॅम आयोडीन, तर किलोभर मिठात तीसेक मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला तीन किलोंहून जास्त मीठ पोटात घालायचं. त्यानंतर किरणोत्सर्गाची चिंता मिटते हे मात्र खरं. चिंता करणाराच उरत नाही.

‘थोडं जास्त खाल्लं तर काय बिघडलं?’ असं कोणी विचारेल. रक्तदाब बिघडतो. शिवाय खुद्द गोळीसुद्धा फक्त थायरॉइड राखते, सिझियम-137 तिला जुमानत नाही. तरी ऑगस्ट 2023 मध्ये फुकुशिमातलं साठवलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली आणि मिठावर पुन्हा झुंबड उडाली. या वेळी वाद ट्रिटियमचा होता, ज्यावर आयोडीनचा काडीचा उपयोग नाही. आयोडीन-131 चं अर्धायुष्य तर आठच दिवसांचं. अपघातातलं ते केव्हाच संपलं होतं. काही सावध मंडळी म्हणाली, आम्हाला समुद्र बिघडण्याआधीचं मीठ साठवायचंय. चीनमधलं खायचं मीठ बहुतांशी जमिनीखालून येतं.