जवाचं पाणी

माझं दही लागत नाही, ही आमच्या सासरच्या मंडळींमध्ये वाद न घालता मान्य झालेली गोष्ट आहे. म्हणून गेल्या ऑक्टोबरात सासूबाई साताऱ्याहून मिनेसोटाला आल्या त्या विरजण घेऊनच. दह्यात भिजवून वाळवलेला रुमाल, कुरडयांच्या डब्याखाली घडी करून ठेवलेला. "परक्या घरच्या विरजणाला चव नसते," असं म्हणून त्यांनी तो कोमट दुधात बुडवला आणि दुसऱ्या दिवशी सुरीने कापावं असं दही माझ्यासमोर ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

अशा सुनेने जानेवारीत बिअर करायला घेतली.

खोका ऑफिसातल्या नाताळच्या भेटवाटपात माझ्या वाट्याला आला होता. चार लिटरची काचेची बरणी, एक नळी, आतली हवा पाण्यातून बाहेर सोडणारं एक बूच, अर्धा किलो माल्टची पूड, हॉप्सची पुडी, यीस्टची पुडी. वर लिहिलं होतं 'लागर'. नवशिक्याने आधी एल जातीची बिअर करावी, ती घरातल्या उबेत होते. लागरच्या वाटेला जाऊ नये, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी अनारसे करायला घेतले होते. सगळे हसले होते. अनारसेही आणि माणसंही.

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "जवाचं पाणी आहे, आई. मुतखड्यावर." मागच्या वर्षी त्याला खरोखरच खडा झाला होता, त्यामुळे या वाक्याला वैद्यकीय पुरावा होता. शिवाय महाराष्ट्रात पिण्याचा परवाना तरी कशासाठी देतात? आरोग्याच्या जपणुकीसाठीच. म्हणजे थाप होती, पण सरकारी वळणाची होती.

इथला कायदा मात्र सरळ आहे. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने मोकळीक मिळाली. दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. कार्टर मूळचे भुईमुगाचे शेतकरी. ज्याने चखण्याची सोय केली त्यानेच बिअरचीही करावी, हे मला फार नीटनेटकं वाटतं.

आता कृती. मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट; आमची पूड त्याच्या अर्काची. "म्हणजे नाचणीचं सत्त्व करतो तसंच की," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचला. त्या क्षणापासून मी मदतनीस झाले. पाणी तापवून त्यात पूड ढवळायची, मग तासभर उकळायचं. उकळी फुटताना दुधाला लाजवेल असा फेस वर येतो. सासूबाईंनी पाण्याचा हबका मारला, फेस बसला. पुस्तिकेतही हेच लिहिलं होतं, पण तीन ओळींत.

हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. आमच्या पुडीतला वाण बोहेमियाचा होता. त्याच मुलुखातल्या प्लझेन गावात १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने पहिली सोनेरी पिल्सनर केली आणि तेव्हापासून जग पिवळं पितंय. हॉप्सची कुळी काढायला गेलं तर ती गांजाच्या भावकीत निघते. हे मी घरात कोणालाच सांगितलं नाही.

गॅस बंद झाला की खरी कसोटी. उकळेपर्यंत ओवळं चालतं. त्यानंतर बरणी, नळी, चमचा, बूच, जे जे त्या रसाला शिवेल ते ते जंतुनाशकातून काढायचं. नवशिक्यांची बिअर बिघडते ती बहुतेक इथे. सासूबाईंना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी लोणच्याच्या बरणीला ओल्या हाताने शिवू दिलेलं नाही. नवरा डोकावायला आला तर त्यांनी त्याला उलथन्यानेच मागे सारलं. फक्त बरणीला हिंगाची धुरी देण्याचा त्यांचा आग्रह मी मोठ्या कष्टाने परतवला.

रस झटपट थंड करायला अंगणातला बर्फ फुकट होता. यीस्ट घातलं, आणि अडलं. लागरच्या यीस्टला दहा-बारा अंश सेल्सिअस लागतं. हे यीस्ट संकरातून झालेलं. एक पालक आपलं नेहमीचं पाव फुगवणारं, दुसरा थंडीला सरावलेला रानटी. हा दुसरा थेट पॅटागोनियाच्या जंगलात सापडला, तेही २०११ साली. म्हणजे जग जी बिअर शतकानुशतकं पीत होतं, तिच्या आजोळचा पत्ता परवा-परवा लागला. आमच्या गॅरेजमध्ये उणे पंधरा, तळघरात सतरा. मधलं काहीच नाही.

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. परातीत पाणी, त्यात बरणी, बरणीभोवती ओलं फडकं, फडक्याची टोकं पाण्यात. साताऱ्यात माठाला करतात तसं. इथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेने भराभर पाणी ओढलं आणि बरणी तेरावर आली. परातीत बर्फाची एक बाटली सोडली, अकरा. मी मोबाइलवर तापमान नोंदवत होते. सासूबाई बरणीला हाताची पाठ लावून सांगत होत्या. दोन्ही जुळत होतं.

चौथ्या दिवशी तळघरातून उकडलेल्या अंड्याचा वास आला. लागर आंबताना गंधकाचा वास सुटतो आणि पुढे आपोआप जातो, हे मी वाचलं होतं. सासूबाईंनी वाचलं नव्हतं. "घरात अंडं कोणी आणलं?" त्यांनी जिन्यावरूनच हाक दिली. नवरा दचकून म्हणाला, "घरात नाही गं आई, मी फक्त ऑफिसात खातो." तो विषय तीन दिवस चालला. बिअरकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, त्यामुळे ती छान आंबली.

दोन आठवड्यांनी लोण्यासारखा वास येऊ लागला. सासूबाईंच्या मते याचा अर्थ पदार्थ उत्तम जमला. पुस्तिकेच्या मते हा दोष. बरणी दोन-तीन दिवस अठरा अंशांवर ठेवली की यीस्टच तो वास खाऊन टाकतं. जमलेलं लोणी घालवायचं, हे त्यांच्या पचनी पडलं नाही. मग मी घनतामापक बुडवला. "गवळ्याकडे असतो तोच," त्या म्हणाल्या, "पाणी घातलंय का बघतेस?" सुरुवातीला आकडा १.०४६ होता, आता १.०११. याचा अर्थ साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. कशाचे टक्के, ते मी मनातल्या मनात म्हटलं.

बाटल्या भरताना साखर घालायची ती लिटरला सहा-सात ग्रॅम. बुचाखाली फेस तयार व्हावा इतकीच. सासूबाईंनी मूठ भरली होती. मी ओरडले. त्या मुठीने नऊ बाटल्यांचे नऊ सुतळी बॉम्ब झाले असते. हो, नऊच. चार लिटरांतला तळाचा गाळ आणि नवऱ्याने 'चव बघायला' घेतलेला पेला वजा जाता नऊ. पुढे दोन आठवडे घरातल्या उबेत, मग महिनाभर फ्रिजमध्ये, डोशाच्या पिठामागे. लागर या जर्मन शब्दाच्या मुळाशी साठवून ठेवणंच आहे. नवऱ्याला हे शब्दशास्त्र दहा वेळा सांगून झालं. दर वेळी तो फ्रिजसमोरच उभा असायचा.

बाटल्या उघडायच्या आठवडाभर आधी सासूबाई परत गेल्या. बिअर झाली बरी, स्वच्छ, जराशी जास्त कडू. मोठमोठ्या घोटांत नऊ बाटल्या दोन शनिवारांत संपल्या.

एप्रिलमध्ये साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. "अगं, ती कडू फुलं इथे मिळत नाहीत. त्याऐवजी काडेचिराईत घातलं तर चालेल का? आमच्या भिशीतल्या तिघींच्या नवऱ्यांना मुतखडा निघालाय. जव मोड आणून वाळवलेत, माठही नवा घेतलाय."

नवरा पडद्याच्या चौकटीतून अलगद बाजूला सरकला.

"आई, पण यीस्ट लागेल ना," मी घाईघाईने म्हटलं, "ते तिथे नाही मिळायचं."

"ते आहे," त्या म्हणाल्या आणि कॅमेऱ्यासमोर एक घडी घातलेला, मातकट डागांचा रुमाल धरला. "तुझ्या बरणीतला तळचा गाळ वाळवून आणलाय मी. विरजण कधी कोणाकडे टाकून येऊ नये."