३१ जुलै ते ४ ऑगस्ट

३१ जुलै ही मोहम्मद रफींची पुण्यतिथी आणि ४ ऑगस्ट ही किशोर कुमारची जयंती. याच सुमाराला भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी जोरात असते. सगळा गाव गुडघाभर चिखलात असतो, आणि चहाच्या टपरीवर, पाय अगदी कोरडे ठेवून, रफीवाले भाऊ बसलेले असतात.

हे भाऊ भंडाऱ्यात खांब तलावाजवळ भेटतात, तुमसरला राइस मिलच्या ओट्यावर भेटतात, पवनीच्या बाजारातही भेटतात. नाव-गाव बदलतं, माणूस तोच. सरकारी नोकरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत एक जाड वही. वहीत गाणी उतरवलेली : चित्रपट, साल, संगीतकार, गीतकार. गायकाचा रकाना नाही. दुसऱ्या कोणाचं गाणं वहीत घ्यायचंच नाही, तर रकाना कशाला?

भाऊंचं मुख्य मत असं की हिंदी सिनेमा १९६९ साली संपला. त्या वर्षी ‘आराधना’ आला, राजेश खन्ना आला आणि किशोरची लाट आली. पुढचं सगळं भाऊंच्या लेखी गोंगाट. एकदा कोणीतरी भीतभीत म्हणालं, “पण भाऊ, आराधनात रफीचीही दोन गाणी आहेत जी.” भाऊंनी बशी खाली ठेवली. “म्हणून तर चालला तो सिनेमा!”

किशोरची बाजू मुनीमजी सांभाळतात. मुनीमजींचा सगळा व्यवहार आकड्यांचा, त्यामुळे ते फिल्मफेअरपासून सुरुवात करतात : किशोर आठ, रफी सहा. पोती मोजून झाल्यासारखा विषय मिटला, असं त्यांना वाटतं. भाऊ याच क्षणाची वाट पाहत असतात. “मले सांगा जी, आमच्या माणसाच्या काळात गायक आणि गायिका मिळून एकच पुरस्कार होता की नाही? समोर लताबाई उभ्या! तुमच्या माणसाचे आठच्या आठ पुरस्कार वेगळ्या गटातले.” हे मात्र खरं आहे. भाऊंचा त्रास हाच की त्यांची माहिती बहुतेक वेळा खरी निघते. निष्कर्ष तेवढा त्यांचा स्वतःचा असतो.

पुरस्कारांच्या हिशेबात सरशी झाली की भाऊ लगेच पुरस्कार कसे कवडीमोल असतात ते सिद्ध करायला घेतात. त्यासाठी ‘पाकीजा’ ठरलेला. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले, चित्रपट आला १९७२ मध्ये, आणि संगीताचा फिल्मफेअर मिळाला ‘बेईमान’ला. त्याच ‘बेईमान’साठी प्राणला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. पाकीजाच्या संगीताला डावललं म्हणून प्राणने तो नाकारला. हे सांगताना भाऊंचा आवाज खरोखर भरून येतो. “असा खलनायक आता होणे नाही!”

“पण पाकीजा तर १९७२ चा. सिनेमा तर ६९ लाच संपला होता ना?” मुनीमजी.

“तो आधीच सुरू झाला होता. यायला उशीर झाला.” पाकीजात रफीचं एक युगुलगीत आहे, हे भाऊ सांगत नाहीत. ते वहीत आहे.

‘शोले’त रफीचं एकही गाणं नाही. त्यामुळे भाऊंच्या मते शोलेला संगीतच नाही. संवाद मात्र त्यांना सगळे पाठ आहेत, जय-वीरूचेच नव्हे, सांभाचेसुद्धा.

चहा तळाला गेला की भाऊ हुकमाचं पान काढतात. ‘रागिणी’, १९५८, संगीत ओ. पी. नय्यर. पडद्यावर गातो किशोर कुमार, गळा मोहम्मद रफींचा! खुद्द गायकाला ज्याचा गळा उसना घ्यावा लागला, तो मोठा की ज्याने दिला तो? मुनीमजी हे दरवर्षी ऐकतात, दरवर्षी मान हलवतात आणि दरवर्षी चहाचे पैसे देतात. नय्यरांना त्या गाण्याला शास्त्रीय ढंगाचा गळा हवा असेल, एवढंच त्यातून निघतं, असं मला वाटतं. पण टपरीवर हे बोलायची सोय नाही.

अधूनमधून एक निवृत्त संगीतशिक्षक येतात आणि म्हणतात, सैगलनंतर गायक झालाच नाही. सैगल गेले १९४७ साली. तेव्हा मात्र भाऊ आणि मुनीमजी क्षणात एका बाजूला होतात, आणि गुरुजींना अर्धा कप टाकून उठावं लागतं.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री वडशाकडची कंपनी झाडीपट्टीचं नाटक घेऊन येते, ते उजाडेपर्यंत चालतं. “असलं काय पाहायचं जी?” असं दिवसभर सांगून भाऊ शाल पांघरून पहिल्या रांगेत बसतात. शेजारी मुनीमजी. ऑर्गनचे सूर निघतात, तबला लागतो, नायिका गाणं उचलते. गाणारी कोण, चाल कोणाची, साल कोणतं, यातलं दोघांनाही काही ठाऊक नसतं. त्यामुळे वाद होत नाही. वन्समोअर मात्र दोघं मिळून देतात. भाऊंनी वर्षभर केलेल्या समीक्षेत हीच मला सगळ्यात भरवशाची वाटते.

तेव्हा पावसाळ्यात भंडाऱ्याकडे आलात आणि टपरीवर सापडलात, तर खुशाल कोणतीही एक बाजू घ्या. फक्त “मला दोघंही आवडतात” असं म्हणू नका. त्या दिवशी चहाचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील, आलूबोंड्यांसकट.