हवशे, नवशे, गवशे आणि आडुकेन

जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात, असं जुनी माणसं सांगून गेली: हवशे, नवशे आणि गवशे. जुन्या व्हिडिओ गेमच्या नादी लागलेल्यांचीही हीच तीन घराणी असतात, हा शोध मला गेल्या महिन्यात लागला, आणि तोही स्वखर्चाने. ‘स्ट्रीट फायटर’च्या तिसाव्या वाढदिवसाच्या संग्रहावर सवलत चालू होती. बारा गेम, आणि किंमत चौघांनी मिसळ खाऊन वर ताक प्यावं इतकी. घेतला. टीव्हीवर डाउनलोडची पट्टी सरकत होती. बायकोने विचारलं, “हे काय आता?”

म्हटलं, “बालपण.”

“बिल घेतलंस का?”

बारा गेम म्हटल्यावर माणूस हुरळतो. उघडून बघितलं तर पहिला १९८७चा, म्हणजे ज्याच्यामुळे दुसऱ्याला ‘दुसरा’ म्हणायचं एवढंच त्याचं कर्तृत्व. त्यानंतरचे पाच म्हणजे ‘स्ट्रीट फायटर टू’. पाचही. १९९१ साली मूळ आला. १९९२मध्ये त्याची ‘चॅम्पियन एडिशन’ आली, त्यात शेवटच्या चार खलनायकांना आपल्याला खेळवता येऊ लागलं. त्याच वर्षी ‘हायपर फायटिंग’, म्हणजे तेच, पण घाईत. १९९३मध्ये ‘सुपर’, चार नवी माणसं. १९९४मध्ये ‘सुपर टर्बो’, म्हणजे पुन्हा घाई. थोरल्या भावाचं गाइड धाकट्याला चालू नये म्हणून मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असा लाल पट्टा मारायची युक्ती आपल्याकडच्या प्रकाशकांनी काढली की हे खेळ काढणाऱ्या कॅपकॉमने, यावर संशोधन व्हायला हवं. दोनानंतर तीन येतात हे कॅपकॉमला १९९७मध्ये आठवलं. मधल्या काळात त्यांनी ‘अल्फा’ नावाची मालिका काढली, तिची गोष्ट दोनच्या आधी घडते. तिचे तीन भाग. आणि तीन आला, तोही तीनदा. संग्रहातले बारा असे भरतात.

पण मी हवशा. हवशा हिशेब मांडत नाही, मत मांडतो.

ही सवय लहानपणची. आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दाराला मळका पडदा, आत अंधार आणि चार मशीन. त्यातल्या ‘स्ट्रीट फायटर’वर कायम दहावी-बारावीची पोरं असायची. अमेरिकेतल्या पार्लरमध्ये म्हणे पुढचा नंबर लावायला काचेच्या कडेला नाणं ठेवत. आपल्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. आमच्याकडे नाणं ठेवलं असतं तर ते दुसऱ्या क्षणी मशीनमध्ये गेलं असतं, आणि नाणं माझं नि खेळ त्यांचा झाला असता. त्यामुळे नियम सोपा होता. ज्याच्याकडे रुपया आणि मनगट, तो खेळणार. उरलेल्यांनी मागे उभं राहून मतं द्यायची. “खाली बस, खाली बस!” “आता आडुकेन मार!” “अरे, लाथेला काय भितो?” मी अशी चार वर्षं मतं दिली. स्टिकला हात न लावता. पुढे सदरलेखनात ही साधना फार कामाला आली.

‘आडुकेन’ म्हणजे खेळातला र्यू दोन्ही तळवे पुढे करून जो निळा गोळा सोडतो, तो. मूळ उच्चार ‘हादोकेन’ असा आहे, पण त्या मशीनचा स्पीकर आणि आमचे कान यांच्यात तडजोड होऊन तो ‘आडुकेन’ झाला. स्टिक खाली, मग तिरकी, मग पुढे, आणि ठोशाचं बटण. पाव वर्तुळ. हे पाव वर्तुळ मला आता पंचेचाळिशीत पहिल्यांदा घरच्या सोफ्यावर जमलं, आणि चार वेळा जमल्यावर अंगठा दुखू लागला. झँगीफ नावाच्या रशियन पैलवानाला तर स्टिक पूर्ण गोल फिरवावी लागते. त्याला खेळवताना बायकोने बघितलं आणि विचारलं, “लोणी आलं का?”

या सगळ्या मारामारीचा पाया म्हणजे कॉम्बो, एका पाठोपाठ एक असे ठोसे की समोरच्याला मध्ये हातच उचलता येऊ नये. तो मुळात कोणी ठरवून ठेवलेला नव्हता. खेळात मध्येच एक मोटार फोडायचा टप्पा येतो. त्यातल्या चुका तपासताना नोरिताका फुनामिझू या निर्मात्याच्या लक्षात आलं की दोन ठोसे जरा जास्तच चिकटून बसताहेत. हे कोणाला जमायचं नाही, असं समजून त्याने ते तसंच राहू दिलं. जमलं! आज जगभरच्या मारामारीच्या खेळांचा तोच प्राण आहे. आपल्याकडे अशा गोष्टीला ‘तात्पुरती सोय’ म्हणतात, आणि तीही तीस वर्षं टिकतेच.

हवश्याचं दुसरं लक्षण म्हणजे त्याला लढण्यापेक्षा पात्रांच्या संसारात रस. मी दोन संध्याकाळ धाल्सिमवर घालवल्या. हा भारताचा प्रतिनिधी. योगी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हात आणि पाय रबरासारखे ताणून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचणारे, मागे ओळीने हत्ती. जपानी कलाकारांनी भारतावरची सगळी पुस्तकं एकाच वेळी उघडली असावीत आणि वारा आला असावा. हा योगी लढतो कशासाठी, तर आपल्या गरीब गावासाठी पैसे जमवायला. म्हणजे वर्गणीसाठी मारामारी. इथे मात्र मला जरा घरच्यासारखं वाटलं. शिवाय त्याच्या मुलाचं नाव दत्ता आहे. कॅपकॉमच्या ओसाकातल्या कचेरीत कोणाला कुठला दत्ता भेटला होता, देव जाणे. बंगाली दत्तही असतील, पण पुरावा येईपर्यंत मी त्याला आपलाच धरतो.

आणि नावांवरून आठवलं. जपानमध्ये यातल्या मुष्टियोद्ध्याचं नाव होतं एम. बायसन, आणि त्याचा चेहरामोहरा थेट माइक टायसनचा. अमेरिकेत कोर्टाची पायरी चढावी लागेल या धास्तीने कॅपकॉमने नावं फिरवली. बायसन हे नाव गेलं हुकूमशहाकडे, हुकूमशहाचं वेगा हे नाव गेलं पंजेवाल्या स्पॅनिश माणसाकडे, आणि त्याचं बालरॉग आलं मुष्टियोद्ध्याकडे. माणसं तीच, ठोसे तेच, नुसता खातेबदल. महाराष्ट्रातल्या वाचकाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता नवशे. हे लोक संग्रहाचं नाव काढलं तरी कानाला हात लावतात. माझा एक मित्र या घराण्यातला. त्याच्या मते जुना खेळ जुन्या डबा टीव्हीवरच बघायचा, कारण चित्रातल्या आडव्या रेघा त्या काचेच्या नळीशिवाय खऱ्या दिसत नाहीत. म्हणून त्याने भंगारवाल्याकडून एकोणतीस इंची डबा विकत घेतला आणि दोन हमाल लावून तिसऱ्या मजल्यावर चढवला. हाच डबा त्याच्या आईने दहा वर्षांपूर्वी त्याच भंगारवाल्याला देऊन वर पन्नास रुपये दिले होते, असा मला दाट संशय आहे. मी त्याला सांगितलं, अरे, संग्रहातही फिल्टर असतो, बटण दाबलं की खोट्या रेघा येतात. तो म्हणाला, “कोऱ्या पातेल्याला हातोडीने पोचे पाडले म्हणून ते आजीचं होतं का?” या माणसाला नव्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून ठोसा पडेपर्यंत एका फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाचा, उशीर जाणवतो आणि सहन होत नाही. रोजची लोकल वीस मिनिटं उशिरा येते तेव्हा मात्र तो फलाटावर शांतपणे शेंगदाणे खात उभा असतो.

त्याच्याकडे एक खरा मशीनचा बोर्डही आहे. कॅपकॉमने १९९३पासून आपल्या नव्या बोर्डांत चोरी रोखण्यासाठी एक बॅटरी बसवली. खेळ उलगडायची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर बोर्डात टिकून राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि खेळ झोपतो. नवशे तिला ‘आत्महत्येची बॅटरी’ म्हणतात. मित्राच्या घरी नंदादीप नाही, पण ही बॅटरी आहे. कालनिर्णयवर एकादशीच्या चौकटीतच तिची बदलायची तारीख लिहिलेली असते. घरात उपास कोणीच करत नाही.

नवश्यांचं कीर्तन मात्र ऐकावं. आख्यान ठरलेलं: २००४चा ऑगस्ट, कॅलिफोर्नियातली ‘इव्हो’ स्पर्धा, खेळ ‘थर्ड स्ट्राइक’, म्हणजे तीनदा आलेल्या तीनचा तिसरा. जपानचा दाइगो उमेहारा केन या पात्रावर, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-लीवर. केनचा जीव केसाएवढा उरलेला. वार अडवला तरी त्याच्या ओरखड्याने मरेल इतका. चुन-लीने पंधरा लाथांचा महाप्रहार सोडला. दाइगोने प्रत्येक लाथेला नेमक्या क्षणी, मागे न हटता उलट स्टिक पुढे ढकलून परतवलं, पंधराच्या पंधरा, आणि उलटा कॉम्बो मारून फेरी जिंकली. सभागृह खुर्च्यांवर उभं राहिलं. सांगताना मित्राच्या डोळ्यांत पाणी येतं. मलाही येतं, खोटं कशाला बोलू. फक्त त्या स्पर्धेत दाइगो शेवटी दुसरा आला, हे कीर्तनात कोणी सांगत नाही.

घरी माझी बाजू मांडायला मी दुसरा दाखला ठेवला आहे. हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३मध्ये ‘स्ट्रीट फायटर’चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने मिळवलं. वय वर्षं ४४. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “त्याला जिना चढताना धाप लागत नसेल.”

राहिले गवशे. हे जत्रेत देव बघत नाहीत, पाकीट बघतात. जुलै २०२१मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक कधीच न उघडलेली प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली, तेव्हाच्या भावाने साडेअकरा कोटी रुपयांच्या पुढे. खेळ दुर्मिळ म्हणावा तर तो १९९६पासून एक कोटीहून जास्त खपलेला. दुर्मिळ होतं ते वरचं प्लॅस्टिक. एका कंपनीने ते तपासून दहापैकी ९.८ गुण दिले आणि डबा पारदर्शक पेटीत बंद केला. उघडला तर किंमत गेली, खेळला तर अब्रू गेली. हा प्रकार अमेरिकन लोकांना नवलाचा वाटला असेल. आपल्याकडे दिवाळीत सोनपापडीचा डबा नेमका असाच फिरतो. कोणी उघडत नाही, हात बदलत राहतो, आणि ज्याच्याकडे येतो तो आधी कोपरे चेपलेत का बघतो. फक्त आपल्याला त्याला गुण देऊन लिलाव करायचं सुचलं नाही.

इतकी सगळी जतनाची धडपड चाललेली असताना वाटतं, सगळं काही वाचलंच असणार. तर अमेरिकेत २०१०च्या आधी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळत नाहीत, असं ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ या संस्थेने २०२३मध्ये अभ्यास करून सांगितलं. जो कधीच मरणार नव्हता त्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला मात्र पाच-पाच वेळा नाकात नळी घालून वाचवलं जातंय.

इथे मला माझी एक जुनी शंका आठवली. आमच्या पार्लरमधल्या मशीनवर र्यू हवेत उडी मारली की वरूनच आडुकेन सोडायचा. संग्रहातला र्यू पाचही आवृत्त्यांत जमिनीवर उभा राहूनच सोडतो. बराच शोध घेतल्यावर कळलं की तेव्हा बाजारात चोरून बदललेल्या आवृत्त्या होत्या, त्यांत असले चमत्कार चालत, आणि त्यांचा वेग पाहूनच कॅपकॉमने ती घाईवाली ‘हायपर फायटिंग’ काढली. म्हणजे मी चार वर्षं ज्या खेळावर मतं दिली, तो खेळच नकली होता.

आणि मी स्वतः खेळायचो तो तर वेगळाच. कोपऱ्यातलं मशीन, जिथे दादालोक फिरकत नसत. त्याला अख्खा गाव ‘मुस्तफा’ म्हणायचा. गावच कशाला, भारतभर हेच नाव. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, १९९३, कॅपकॉमचाच. त्यात नायक जॅक टेनरेक, सोबत हॅना, मेस आणि मुस्तफा. पण टोपीवाला मुस्तफा धावत येऊन अशी लाथ मारायचा की आम्ही खेळालाच त्याचं नाव देऊन टाकलं. ‘शोले’ला कोणी ‘सांभा’ म्हणावं, तसं. माझा एक रुपया दुसऱ्या टप्प्यापर्यंत जायचा. एकदा तिसऱ्यापर्यंत गेला, जिथे मोटार चालवायला मिळते, तेव्हा मागे उभी राहिलेली तीन पोरं मला मतं देत होती. माझ्या आयुष्यात त्या उंचीवर मी परत गेलेलो नाही.

तो कुठल्याच संग्रहात नाही. २०१८मध्ये कॅपकॉमने याच जातीच्या सात मारधाडीच्या खेळांचा गठ्ठा काढला, त्यातही नाही. मूळ चित्रकथा मार्क शुल्ट्झ यांची, म्हणजे तिचे हक्क त्यांच्या बाजूला. कॅडिलॅक हे नाव मोटार कंपनीचं. डायनॉसॉर तेवढे कोणाचे नाहीत. भाचा म्हणाला, “मामा, दोन मिनिटं थांब, फोनवर टाकून देतो.” मी त्याला कायद्यावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. ते चालू असतानाच तो दुसऱ्या टप्प्यावर पोचला होता.

रात्री मी ऑनलाइन दुकान उघडून इंग्रजीत ‘मुस्तफा’ असं लिहून शोधलं. काही सापडलं नाही, पण खाली सूचना आली की मला ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन टू’ आवडू शकेल. २०२५चा, आठ गेम. त्यात एक ‘अल्फा थ्री अपर’ आहे, म्हणजे माझ्याकडे असलेल्या ‘अल्फा थ्री’ची सुधारित आवृत्ती. सवलत दोन दिवसच होती.

या वेळी बिल घेतलं.